कारणाच्या रकान्यातली ओळ

दिओलिंडा गुव्हेयाने त्या रविवारी सकाळी नवऱ्याला स्वतःच घराबाहेर काढलं होतं. ही गोष्ट पुढची चार वर्षं तिने कुणाला सांगितली नाही.

जासिंतो गवंडी होता. होनोलुलूत पंचबोल टेकडीच्या उतारावर पोर्तुगीजांची जी दाट वस्ती होती, तिथल्या निम्म्या घरांच्या पायऱ्या आणि परसातल्या पावाच्या भट्ट्या त्याच्या हातच्या. समोर जपानी मिसेस तोकुनागा राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली; बाई एकटी टोफू करून विकायची. तिच्या सोयाबीन शिजवायच्या चुलीचं धुराडं पंधरा दिवस तुंबलं होतं आणि सगळा धूर घरात कोंडत होता. ती रोज डोळे पुसत टोफू आणून द्यायची, पण धुराड्याचं एक अक्षर बोलायची नाही. दिओलिंडालाच लाज वाटायला लागली.

"आज सुट्टी आहे, आज जा," ती जासिंतोला म्हणाली.

"सुट्टी आहे म्हणूनच बसलोय."

"बस मग. उद्यापासून टोफू मागायला तूच जा तिच्या दारात."

जासिंतो हसला. कॉफी संपवली, गोड पावाचा तुकडा तोंडात कोंबला, थापी आणि बादली घेऊन समोर गेला. तारीख होती सात डिसेंबर, एकोणीसशे एक्केचाळीस.

आठच्या सुमाराला बंदराकडून धडाडधूम ऐकू यायला लागलं. गल्लीला वाटलं, नौदलाचा सराव चाललाय. माणसं कप हातात घेऊन रस्त्यावर आली आणि पर्ल हार्बरवरचा काळा धूर बघत उभी राहिली. मिसेस तोकुनागाच्या फाटकात जासिंतोही येऊन उभा राहिला, हात चुन्याने माखलेले. दिओलिंडा आपल्या पायरीवरून त्याला काहीतरी विचारणार होती. तेवढ्यात वरून शीळ घातल्यासारखा आवाज आला, आणि पुढच्या क्षणी समोरचं फाटकच राहिलं नाही.

जासिंतो तिथेच गेला. शेजारच्या गल्लीतली तीन माणसंही तशीच गेली.

आठवड्याने मृत्यूचा दाखला हातात आला. कारणाच्या रकान्यात टाइप केलं होतं: शत्रूच्या विमानाचा बॉम्ब. दिओलिंडाने तो घडी घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बोलायला सुरुवात केली ती जासिंतोच्या थोरल्या भावाने. आबेल गोदीत मुकादम होता आणि सगळ्या जगाची खबर आपल्याकडे आधी येते असा त्याचा समज होता. दफन करून घरी आलेल्या माणसांना दिओलिंडाने सूप वाढलं, आणि आबेल चमचा खाली ठेवून म्हणाला, "एक गोष्ट कुणी विचारलीय का? जासिंतो सुट्टीच्या दिवशी जपान्यांच्या फाटकात काय करत होता?"

"काम करत होता," कुणीतरी म्हणालं.

"बोलावलं कुणी? त्याच दिवशी, त्याच वेळेला? आणि ती स्वतः आत. तिला खरचटलंसुद्धा नाही." आबेलने आवाज खाली आणला. "तिला माहीत होतं. त्या सगळ्यांना माहीत होतं. उसाच्या फडात म्हणे बाणाच्या आकारात ऊस कापून ठेवला होता, विमानांना दिशा दाखवायला."

सासूने छातीवर क्रूस काढला. "माझ्या पोराला बोलावून मारलं तिने."

दिओलिंडा पातेल्याशी उभी होती. तिने बोलावलं नव्हतं, मी पाठवलं, एवढंच सांगायचं होतं. पण ते बोलून टाकलं असतं तर खोलीतल्या सगळ्या नजरा तिच्याकडे वळल्या असत्या, आणि त्याहून वाईट म्हणजे तिची स्वतःचीही. ती सूप वाढत राहिली.

संध्याकाळी मिसेस तोकुनागा झाकलेलं भांडं घेऊन आली. सासूने तिच्या तोंडावर दार लावलं. दिओलिंडा आत, दारापासून चार पावलांवर होती.

दोन दिवसांनी लष्कराची माणसं मिसेस तोकुनागाला घेऊन गेली. खबर आबेलने दिली होती, आणि तो ते लपवतही नव्हता. ती बारा दिवसांनी परत आली. कुणी तिचा टोफू घेईना. फेब्रुवारीत तिने चूल विझवली आणि बोटीने दुसऱ्या बेटावर, हिलोला, भावाकडे निघून गेली.

ती नसतानाच्या त्या बारा दिवसांत दिओलिंडा रोज समोरच्या अंगणात झाडू मारायची. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी फाटकाच्या उरलेल्या खांबात रुतलेलं काहीतरी झाडूला अडकलं. तिने सुरीने ते उकरून काढलं. पितळेचा वेडावाकडा झालेला, मुठीएवढा तुकडा. त्याच्याभोवती एक कडं, कड्यावर आकडे, आणि आकड्यांच्या खाली अक्षरं. अक्षरं इंग्रजी होती.

ती तिथेच खाली बसली. सहावीपर्यंत शिकलेली बाई होती ती. जपानी विमानातून इंग्रजी अक्षरांची वस्तू पडत नाही एवढं तिला समजत होतं. शहरात कुजबुज होतीच की आपल्या जहाजांनी वर मारलेले गोळे आकाशात फुटायच्या ऐवजी खाली येऊन फुटले. पण लष्करी अंमल लागला होता, असले तुकडे जमा करायचा हुकूम होता, आणि जास्त विचारणाऱ्याचं भलं होत नव्हतं. तिने तुकडा तांदळाच्या डब्यात तळाशी घातला.

लढाई संपेपर्यंत ती अननसाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून फळं तासत राहिली. अननसाच्या रसाने हातमोज्यांच्या आतली कातडीसुद्धा सोलून निघते. शेजारची बाई बदलायची, दिओलिंडा तिथेच. मुकादमीण म्हणायची, "गुव्हेया बाई, तू कधी बसतेस की नाही?" तर ती म्हणायची, "बसलं की डोकं चालायला लागतं."

सेहेचाळीसच्या सुरुवातीला वर्तमानपत्रं पर्ल हार्बरच्या चौकशीच्या बातम्यांनी भरली. वॉशिंग्टनमध्ये मोठमोठे अधिकारी साक्षी देत होते: जपान्यांचा कोणता सांकेतिक संदेश कधी उलगडला, कुणाला दाखवला, हवाईला का कळवलं नाही. आबेल दर रविवारी जेवायला यायचा तो कात्रणं घेऊनच.

"मी सांगतो तुला," तो तिच्यापुढे बोट नाचवत म्हणाला, "वॉशिंग्टनला सगळं ठाऊक होतं. त्यांना लढाईत उतरायचंच होतं. आपल्याला गळाला लावलं, गळाला. जासिंतोला त्यांनी मारलं."

दिओलिंडाने ताटलीत घेवड्याचं सूप ओतलं. "चार वर्षांपूर्वी तू म्हणालास, मिसेस तोकुनागाला माहीत होतं."

"तेव्हा माझ्याकडे पुरती माहिती नव्हती."

"आणि तिला पकडून नेलं."

"ते चालतंच लढाईत." आबेलने पाव मोडला. "तू कशाला आता ते काढतेस? ही बाई कुठली, हे प्रकरण केवढं."

त्या दिवशी दिओलिंडाला जेवण गेलं नाही. आबेल किती सहज एका नावावरून दुसऱ्या नावावर उडी मारून गेला, हे बघून तिला त्याचा राग आला. आणि मग लक्षात आलं की तो निदान मोठ्याने बोलतो. आपण गप्प राहून तेच केलं.

ईस्टरच्या सुट्टीत ती बोटीने हिलोला गेली. मिसेस तोकुनागा भावाच्या दुकानामागे सोयाबीन निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते. तिने दिओलिंडाला बसायला पेटी दिली, चहा दिला, आणि वाट बघत राहिली.

दिओलिंडाने सगळं सांगितलं. मीच पाठवलं होतं. तुम्ही बोलावलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तो बॉम्ब नव्हता, आपलाच गोळा होता, हेही मला तेव्हापासून माहीत आहे. सांगताना ती एकदाही रडली नाही, कारण रडायचा हक्क समोरच्या बाईचा आहे असं तिला वाटत होतं.

मिसेस तोकुनागाने हातातली मूठ निवडून संपवली. मग म्हणाली, "त्या लष्करवाल्यांकडे माझा एक कागद आहे. त्यावर लिहिलंय, हल्ल्याच्या वेळी हिने शेजाऱ्याला बाहेर बोलावून उभं केलं. माझा भाचा नोकरीसाठी गेला, तर त्याला त्या कागदाबद्दल विचारलं."

"मी जाऊन सांगते त्यांना."

"तोंडाने सांगून काय होतंय? तोंडानेच तर झालं सगळं." तिने एक किडका दाणा बाजूला टाकला. "तुमच्या नवऱ्याच्या दाखल्यावर बॉम्ब लिहिलंय, तोवर माझा कागद खरा. बॉम्ब येणार हे मला माहीत होतं, असं म्हणता येतं. आपल्याच तोफेचा गोळा चुकून कुठे पडणार, हे कुणालाच आधी माहीत असू शकत नाही. मला लिहून आणून द्या. शिक्का असलेलं."

"आणते," दिओलिंडा म्हणाली.

ते आणायला तिला अकरा वर्षं लागली.

नोंदणीच्या कचेरीत ती पहिल्यांदा गेली तेव्हा खिडकीतल्या माणसाने पितळेचा तुकडा हातात घेऊनही पाहिला नाही. हे लष्कराचं काम, म्हणाला. लष्करात गेली तर ते म्हणाले, दाखला मुलकी आहे. डॉक्टरकडे गेली, म्हाताऱ्या डॉक्टरने चष्मा पुसत सांगितलं, "बाई, त्या दिवशी मला जे सांगितलं ते मी लिहिलं. माझ्यापुढे साठ माणसं होती." त्याने एक चिठ्ठी लिहून दिली की जखमा कोणत्या धातूच्या होत्या ते तपासलं नव्हतं. ती चिठ्ठी घेऊन ती परत खिडकीशी गेली. पत्रं लिहिली. दोन पत्रांना उत्तर आलं, दोन्हींत लिहिलं होतं की त्या काळची कागदपत्रं पाहता येणार नाहीत. दर वर्षी कारखान्याचा हंगाम संपला की ती कचेरीचा बाक गाठायची, जशी काही माणसं नेमाने दात दाखवायला जातात.

चौपन्न साली खिडकीत मिस चॉक नावाची तरुण चिनी मुलगी आली. तिने तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, सगळे कागद वाचले.

"आंटी, तुम्ही दर वेळी वस्तू घेऊन येता. वस्तूला इथे कुणी विचारत नाही. इथे माणूस लागतो."

"कसला माणूस?"

"त्या दिवशी तोफेवर असलेला. त्याने शपथेवर लिहून दिलं की आमचे गोळे न फुटता शहराकडे गेले, तर मी ते साहेबांपुढे ठेवू शकते. एक माणूस आणा."

तोफेवरची माणसं कुठे शोधायची? निम्मी लढाईत गेली होती, उरलेली पार अमेरिकेभर, मेनपासून टेक्सासपर्यंत पांगलेली. दोन वर्षं ती नुसती विचारत राहिली. आणि मग छप्पन्नच्या नोव्हेंबरात माणूस आपल्या पायाने तिच्या दारात आला. अर्थात तो तोफेवरचा नव्हता.

मिस्टर ऑर्डवे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून आला होता. उंच, घामेजलेला, काखेत फुगलेली चामडी बॅग. हल्ल्याची आगाऊ खबर सरकारला होती आणि सरकारने ती मुद्दाम दाबली, हे सिद्ध करणारं पुस्तक तो लिहीत होता. आबेलने त्याला गोदीत गाठून थेट घरी आणलं होतं.

"मिसेस गोविया," तो म्हणाला. तिच्या नावाचा उच्चार त्याला शेवटपर्यंत जमला नाही. "तुमच्या नवऱ्याच्या मारेकऱ्यांची नावं माझ्या बॅगेत आहेत."

दिओलिंडाने त्याला कॉफी दिली आणि दीड तास ऐकून घेतलं. कुठले संदेश, कुठल्या तारखा, कोणती जहाजं आधीच बंदरातून हलवली. तो मूर्ख नव्हता. काही गोष्टी तिने त्याला पुन्हा सांगायला लावल्या. शेवटी तिने विचारलं, "एवढ्या खलाशांशी तुम्ही बोललात. तोफेवर असलेले कुणी भेटले?"

"पुष्कळ. येत्या सात डिसेंबरला सभा आहे, पंधरा वर्षं होतायत म्हणून. तुम्ही पुढच्या रांगेत बसा, दोन वाक्यं बोला. वॉशिंग्टनने माझा नवरा मारला, एवढं म्हटलंत तरी पुरे."

"मी येईन," ती म्हणाली. "बोलेनही. काय बोलायचं ते माझं मी बघते."

"वहिनीला बोलायची सवय नाही," आबेल मध्ये पडला. "मी लिहून देतो हवं तर."

"तू आजवर बोललास तेवढं पुष्कळ झालं," दिओलिंडा म्हणाली.

सभा एका सेवानिवृत्त सैनिकांच्या हॉलमध्ये होती. दीडशे-दोनशे माणसं, बहुतेक पुरुष, आता पोटं सुटलेले. ऑर्डवे चांगला बोलला. लोक मान डोलावत होते, मध्येच कुणी शिवी हासडत होता. मग त्याने दिओलिंडाला उभं केलं. ती काळ्या पोशाखात, दोन्ही हातांनी पर्स धरून उभी राहिली.

"माझा नवरा गल्लीत मेला," ती म्हणाली. "बंदरापासून लांब. दाखल्यावर लिहिलंय, शत्रूचा बॉम्ब. तो बॉम्ब नव्हता. आपल्या तोफेचा गोळा होता, त्याचा तुकडा माझ्याकडे आहे. वॉशिंग्टनला काय माहीत होतं ते मला माहीत नाही. मी एवढंच विचारायला आलेय की त्या दिवशी तोफेवर होतं असं इथे कुणी आहे का. मला भांडायचं नाही. मला एक ओळ बदलून घ्यायची आहे."

ऑर्डवेने घाईने टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं. दिओलिंडा मात्र उभी राहून एकेक चेहरा बघत होती. चौथ्या रांगेतला एक लालसर केसांचा माणूस उठला, शेजाऱ्याच्या पायांना अडखळत, टोपी तिथेच विसरून बाहेर निघून गेला.

सभा संपल्यावर तिने ती टोपी उचलली आणि ऑर्डवेला विचारलं, ही कुणाची.

"स्टकी. ऑर्व्हल स्टकी. कलीहीच्या बस डेपोत मेकॅनिक आहे. सगळ्या सभांना येतो, पण तोंड उघडत नाही." ऑर्डवे तिच्यावर नाराज होता. "तुम्ही सगळा रोख बदललात, मिसेस गोविया."

दुसऱ्या दिवशी, कारखान्याची पहिली पाळी सुटल्यावर, ती डेपोच्या फाटकाशी बाकावर जाऊन बसली. स्टकी चहाच्या सुट्टीत बाहेर आला, तिला बघितलं, आणि उलट पावली आत गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी तो येऊन दोन हात अंतरावर उभा राहिला.

"माझी टोपी द्या."

तिने टोपी दिली. तो गेला नाही.

"बाई, तुम्ही चुकीच्या माणसामागे लागलायत. बंदरात शेकडो तोफा होत्या. तो गोळा माझाच, असं कोण सांगेल?"

"कुणी नाही सांगणार. मी तसं लिहूनही मागत नाही."

तो बाकाच्या टोकाला टेकला. बोटांच्या पेरांत ग्रीस होतं, ते तो अंगठ्याने खरवडत राहिला. "गोळा भरायच्या आधी त्याच्या टोकाचं कडं फिरवायचं असतं. किती सेकंदांनी फुटायचं ते ठरवायला. मी एकवीस वर्षांचा होतो. ते काम माझं होतं. पहिले दहा-बारा मी फिरवले. मग आमच्या शेजारचं जहाज पेटलं. त्यानंतरचे मी तसेच देत गेलो. किती, ते माहीत नाही. वर फुटत नव्हते ते दिसत होतं. कुठे जातायत हा विचार दुपारी आला."

दिओलिंडाने पर्समधून तुकडा काढून बाकावर ठेवला. त्याने हात लावला नाही, पण वाकून बघितलं. कड्यावरची खूण शून्यावरच होती; ती त्याने एका नजरेत वाचली असावी, कारण त्याने तोंड फिरवलं.

"मिस्टर ऑर्डवेच्या सभांना मी का जातो, ठाऊक आहे?" तो म्हणाला. "तो बोलायला लागला की मला बरं वाटतं. वॉशिंग्टनला माहीत होतं, म्हणजे सगळा दोष तिकडे. माझ्या तोफेकडे कुणी बघायचं कारण नाही."

"बरं वाटतं, ते मला कळतं," दिओलिंडा म्हणाली. "मीही असंच एक नाव धरून चार वर्षं काढली. माझ्या शेजारणीचं. सगळे म्हणत होते तिला माहीत होतं, म्हणून तिने त्याला बोलावलं. मी म्हणू दिलं. त्याला मीच पाठवलं होतं, धुराडं साफ करायला. नाही म्हणत होता, तर टोचून पाठवलं."

स्टकी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघत म्हणाला, "पण तुम्हाला काय माहीत होतं?"

"काही नाही. तुला तरी काय माहीत होतं?"

डेपोचा भोंगा झाला. एक बस त्यांच्या समोरून वळून गेली.

"वर कुणाला माहीत असेल तर असेल," ती म्हणाली. "त्यांना शोधायला मिस्टर ऑर्डवे आहेत, त्यांनी शोधावं. पण ते सापडेपर्यंत माझी शेजारीण हिलोला तो कागद डोक्यावर घेऊन बसलीय. ते मला नको. तू एक पान लिहून दे."

"मला नाही जमायचं," स्टकी म्हणाला आणि कामावर गेला.

ती पुढच्या सोमवारी पुन्हा आली. त्याच्यासाठी परसातल्या भट्टीतला गोड पाव आणला होता, तो बाकावर ठेवला आणि उठली. त्याच्या पुढच्या सोमवारीही आली. चौथ्या सोमवारी स्टकी धुतलेला शर्ट घालून फाटकात उभा होता. "अर्धा दिवस रजा घेतलीय," म्हणाला. "चला, नाहीतर माझा विचार बदलेल."

मिस चॉकने त्याला खुर्ची दिली. तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. मध्ये एकदा त्याचा आवाज बंद पडला तेव्हा मिस चॉकने मशीनवरून हात काढले आणि खिडकीबाहेर बघत बसली. सही करताना पेन कागदात रुतलं.

त्याच आठवड्यात ऑर्डवे दिओलिंडाकडे आला. या वेळी बॅग आणली नव्हती.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? लोक आता म्हणणार, आपल्याच पोरांनी गोळे चुकवले. मोठे लोक सुटले. मी डोंगर हलवायला निघालोय आणि तुम्ही माझ्या वाटेत खडा टाकताय."

"तुमचा डोंगर खरा असेल," दिओलिंडा म्हणाली. "मी नाही म्हणत नाही. पण माझ्या नवऱ्यावर डोंगर पडला नव्हता. जे पडलं ते लिहायचंय मला."

"माझ्या पुस्तकात तुमचं नाव येणार नाही मग."

"नाही आलं तर बरंच. कॉफी घेणार?"

तो कॉफी न घेता गेला. आबेल तिच्याशी तीन महिने बोलला नाही. मग एका रविवारी नेहमीसारखा जेवायला आला आणि पाव मोडत, वर न बघता म्हणाला, "ती खबर मी दिली होती. तोकुनागाची." "माहीत आहे," दिओलिंडा म्हणाली. जाताना त्याने स्वतःची ताटली धुऊन ठेवली, जे त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

सत्तावन्नच्या मे महिन्यात कचेरीतून चिठ्ठी आली. दिओलिंडा गेली. नव्या दाखल्यावर लिहिलं होतं: विमानविरोधी तोफेच्या गोळ्याचे तुकडे. तिने ते दोनदा वाचलं आणि कागद खिडकीतून परत आत सारला.

"कुणाच्या तोफेच्या?"

"आंटी, मला माहीत आहे, पण रकान्यात एवढंच..." मिस चॉक हळू आवाजात म्हणाली. "साहेब म्हणतात, बॉम्ब काढला, आता बास."

"वाचणाऱ्याला वाटेल जपान्यांची तोफ."

"जपान्यांची तोफ होनोलुलूत कुठून येणार?"

"उसाच्या फडात बाण कापले हे ज्यांना खरं वाटलं, त्यांना काहीही वाटेल."

तिने जेवणाचा डबा काढला आणि बाकावर बसली. कचेरी बंद व्हायच्या वेळी उठून घरी गेली, दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीची रजा टाकून पुन्हा आली. येणारेजाणारे विचारायचे, "आंटी, कुणाची वाट बघताय?" तर ती म्हणायची, "एका शब्दाची." तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब स्वतः बाहेर आला, तिच्याकडे बघितलं, मिस चॉककडे बघितलं, आणि म्हणाला, "घाला तो शब्द. या बाईंचा डबा बघून मला रोज भूक लागतेय."

आता ओळ अशी झाली: आपल्या बाजूच्या विमानविरोधी तोफेच्या गोळ्याचे तुकडे. खाली शिक्का.

तिने दाखल्याची शिक्का असलेली प्रत आणि स्टकीच्या जबानीची नक्कल हिलोला पाठवली. महिन्याभराने उत्तर आलं, भाच्याच्या हातचं. मिसेस तोकुनागाने सांगितलेलं त्याने लिहिलं होतं: दोन्ही कागद त्यांच्याकडे नेऊन दिले. त्यांनी माझ्या कागदाला जोडून घेतले आणि पोचपावती दिली. जुना कागद फाडणार नाही म्हणाले, पण आता कुणी उघडलं तर दोन्ही वाचावे लागतील. पुढच्या वेळी याल तेव्हा मोठं भांडं आणा, टोफू घेऊन जा.

दिओलिंडाने ते पत्र वाचून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. रडू आलं, ते तिने येऊ दिलं. मग तोंड धुतलं.

जून महिन्यात ती मिस चॉकसाठी पाव घेऊन गेली, तेव्हा मुलीने इकडेतिकडे बघून विचारलं, "आंटी, शेजारच्या गल्लीतली ती तीन माणसं. त्यांच्या दाखल्यांवर अजून जुनीच ओळ आहे. त्यांच्या घरच्यांना कुणी सांगितलंय?"

"नाही."

"अर्ज त्यांचाच लागतो. जबानी तीच चालेल."

दिओलिंडाने नावं लिहून घेतली. पहिलं घर काकाकोत होतं. मेलेल्याच्या भावाने दार अर्धंच उघडलं, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सोळा वर्षं आम्ही एकाला शिव्या देतोय. आता दुसऱ्याला द्यायला शिकवू नका," आणि दार लावून घेतलं. तिने त्याला दोष दिला नाही. दाराखालून आपला पत्ता सरकवून ठेवला.

दुसरं घर लांब होतं, वाइपाहूत, उसाच्या मळ्यापलीकडे. शनिवारी स्टकीने तिला आपल्या ट्रकमधून नेलं. घर दिसल्यावर तो गाडी थांबवून म्हणाला, "मी इथेच थांबतो. बोलवायची वेळ आली तर बोलवा. येईन."

व्हरांड्यात एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. दिओलिंडा पायऱ्या चढली.

"कोण तुम्ही?"

"मी दिओलिंडा गुव्हेया. तुमचा मुलगा गेला त्याच सकाळी, पलीकडच्या गल्लीत माझा नवरा गेला. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. ऐकून मग नको वाटलं तर मी जाईन."

म्हातारीने तिला नीट न्याहाळलं. मग शेंगांची टोपली थोडी बाजूला केली आणि म्हणाली, "बसा. आणि थोड्या शेंगा घ्या सोलायला, एकटीने आवरत नाहीत."

दिओलिंडा बसली, ओंजळभर शेंगा मांडीवर घेतल्या आणि सांगायला लागली.